वज्रकेतूचा रंग

आमच्या टीव्हीत वज्रकेतू राखाडी होता.
त्याचा घोडा राखाडी, वैरी राखाडी,
पाताळात पेटलेली आगसुद्धा
चुन्याच्या भट्टीवरच्या धुरासारखी.

सेलूत तेव्हा आम्हाला माहीत असलेले रंगीत संच दोनच.
एक जिनिंगवाल्यांकडे. तिथं चपला बाहेर काढून
बापाचं नाव सांगून आत जावं लागे.
दुसरा डॉक्टरांकडे. तिथं आजारी पडावं लागे.

आणि एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी,
स्टँडसमोर हशमतभाईंच्या सायकल दुकानात
पंक्चरच्या घमेल्यावर बांधलेल्या दोरीला
कपड्याच्या चिमट्यांनी टांगलेला दिसला
वज्रकेतू.
निळा.
इतका निळा की मुंजानं बोट लावून बघितलं
आणि बोट निळं झालं.

"हात नक्को लगाव. आठ आने घंटा."
सायकलचाच दर.
तासभर हिंडा नाहीतर तासभर वाचा.
आम्ही सायकल सोडली.

मागच्या बाजूला टायरांच्या ढिगावर बसून
मुंजा मोठ्यानं वाचायचा.
हिंदी कमी पडली की घरची घालायचा,
"ठहर जा दुष्ट, लई झालं तुझं!"
पानं उलटायचा हक्क माझा,
कारण आठातले पाच आणे माझे.
टायर उन्हानं तापलेले असायचे,
पण उठलं की जागा जायची.

रविवारी लाईट जायची
बरोबर तलवार उपसली की.
गल्लीभर एकच "आऽऽ" उठायचा
आणि पडद्याच्या मधोमध एक ठिपका
विझायला वेळ लावायचा.
पुढं काय झालं
ते महिना-दीड महिन्यानं दोरीवर यायचं.
तोवर तलवार हवेतच.
आम्ही शाळेत जायचो, तलवार हवेतच.
शेंगा उपटायला मामाच्या रानात, तलवार हवेतच.
मुंजाच्या थोरल्या बहिणीचं लग्न लागलं,
अक्षता टाकताना तो माझ्या कानात म्हणाला,
"मारला असंल का रे?"

परवा पोरानं फोनवर काढून दिला
पहिल्यापासून सगळा वज्रकेतू.
रंगीत.
तलवारीला चंदेरी कागद, कोपरा सुटलेला.
आणि चिलखत कथ्थ्या रंगाचं,
मांडवाच्या जुन्या कनातीसारखं.
कुठंच निळं नाही.
पोरगं कंटाळून उठून गेलं.
मी एकटाच शोधत बसलो,
एखाद्या भागात तरी, निदान स्वप्नात.

मग वाटलं, ज्यानं ती चित्रं काढली
त्याच्याकडंही असणार आमच्यासारखाच संच,
गुडघ्यावर वही, शेजारी चहा निवत चाललेला,
राखाडी माणसं भराभर उतरवून घेताना
त्याचीही लाईट गेली असणार.
पुढचं त्यानं अंदाजानं काढलं.
चिलखतापाशी ब्रश थांबला असेल थोडा.
विचारणार कुणाला?
घरात उरलेली बाटली निळी असेल.
किंवा नसेलही तसं,
त्यानं मुद्दाम बाजारात जाऊन आणली असेल.

मुंजाला फोन लावला.
तो आता वायरमन आहे, जिंतूरच्या बाजूला.
"खांबावर हाय, लवकर बोल."
म्हटलं, वज्रकेतू कथ्था होता रे.

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"कोण म्हणतंय?"
"टीव्हीत दिसायलाय. रंगीत."
"टीव्हीचं काय सांगायलास लेका,"
मुंजा वरून म्हणाला,
"माझ्या बोटाला लागला होता."