माहीत नाही

दोन खोल्या, एक न्हाणीघर,
तिबिलिसीत, सोलोलाकीतला तिसरा मजला.
साठवलेले पैसे मी तीनदा मोजले,
तिन्ही वेळा तेवढेच भरले.

पहिल्यानं लॅपटॉपवर माझंच घर दाखवलं.
ओळखू येईना. खिडकीत कुणाचं तरी लिंबाचं झाड.
दुसरा म्हणाला, निम्म्यात करतो,
फक्त सगळे आधी द्या, सिमेंट रोज चढतंय.
चहाही न पिता गेला.

तिसरा, झाउरी, चाळीस मिनिटं उशिरा.
भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही;
खाली गेला, मझियाचं दार वाजवलं,
"तुमचं छत बघू द्या जरा."
वर येऊन बूट पुसत म्हणाला,
आधी पाइप. रंगाचं मग बघू.

कुणाकडे काम केलंय, मी विचारलं.
त्यानं एक नंबर लिहून दिला:
"ही बाई माझ्यावर चिडलेली आहे. तिलाच विचारा."

वीस मिनिटं ती बोलत होती.
दोन महिने लांबवलं, फरशीवरून डोकं खाल्लं,
सिगारेटची थोटकं कुंडीत.
आणि पाणी? मी मध्येच.
ती थांबली.
"नाही," जरा नाराजीनंच, "पाणी कुठंच गळत नाही."

अंदाजपत्रक कॅलेंडरच्या पाठीवर:
पाइप, वाळू, मजुरी, प्रत्येकापुढे आकडा.
शेवटची ओळ: भिंतीत आणखी काय निघेल ते.
पुढे आकडा नाही. माहीत नाही, एवढंच.

त्या दोन शब्दांखाली मी सही केली,
आणि कुंड्या आत घेतल्या.