वीस मिनिटं

बोतेव्हग्रादच्या शाळेत, शनिवारी,
निवृत्त इंजिनिअर स्पिरिदोन त्या निळ्या बोर्डाकडे बघतो
जसा सुतार प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघेल.
"याला काय इलेक्ट्रॉनिक्स म्हणायचं?
वायर खोचली की झालं."

कालिना, वय अकरा, काही बोलत नाही.
आजोबांची मधमाश्यांची पेटी दुपारी तापते,
तिला तिथे एक छोटा पंखा लावायचाय. एवढंच.

त्याच्या काळी चिपला काचेची खिडकी असायची.
एक स्वल्पविराम चुकला
की जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं,
चूक पुसली जाईपर्यंत.
त्या वीस-वीस मिनिटांत तो सिगारेट ओढायला शिकला,
आणि चुकायचं नाही, हेही.

हिची चूक सेकंदात पुसते.
ही पुन्हा चुकते. वर हसते.
बहुतेक तेच त्याला सोसत नाही.

पंखा फिरला की बोर्ड दचकतो,
सगळं विसरून पहिल्यापासून सुरू.
"असं का होतं?"

तो चष्मा शोधतो.
खिशातल्या औषधाच्या डबीत, गोळ्यांशेजारी,
अजून दोन-तीन कपॅसिटर आहेत.
"पाय उलटे लावू नकोस. फुटतो."
"तुमचा फुटलाय कधी?"

तो डबीचं झाकण लावतो, उघडतो.
"मोजले नाहीत."