दोन बोटं रुंदीचा देश

फरशीवर देश काढला तेव्हा
व्हरांड्याच्या शहाबादीला आधीच एक तडा होता,
आडवा, भिंतीपासून थेट पायरीपर्यंत.
मी खडू थांबवला. बालाजी म्हणाला,
"सर, नर्मदा आयतीच हाय."
मग तिला फक्त निळा रंग दिला.

काश्मीर हेडमास्तरांच्या दाराशी,
केरळ पाण्याच्या टाकीखाली, म्हणून बारमाही ओलं.
अंदमानला चिंचोके मांडले.
दर शनिवारी ते कुणीतरी भाजून खातं
आणि सोमवारी बेटं नव्यानं वसवावी लागतात.

खेळ साधा.
चार फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे,
पांढरी बाजू वर येईल तेवढी पावलं.
निघायचं उदगीरहून;
तो ठिपका टाचांखाली रोज पुसतो, रोज काढतो.
ज्या राज्यात पाय पडेल त्याचे शेजारी सांगायचे,
नाही आले तर तिथंच एका पायावर उभं.
ज्ञानोबा अर्धा तास उत्तर प्रदेशात होता.
"लई शेजारी हायेत सर ह्याला," रडकुंडीला येऊन म्हणाला,
"आमच्या गल्लीवानी."

मग रुबिना चाऊस काडेपेटी घेऊन आली.
अब्बांच्या ट्रकात उदगीरची तूरडाळ,
आणि ट्रक निघाला होता गुवाहाटीला.
"सर, ही गाडी. मी रोज सांगते कुठं पोचली ते."
त्या दिवसापासून फासे कुणी मागितले नाहीत.

नागपूरला टायर बदलला.
रायपूरच्या पुढं नुसता भात.
संबलपूरजवळ धरणाचं पाणी दिसलं,
अब्बांना वाटलं समुद्रच आला.
फरक्क्याच्या पुलावर नऊ तास गाड्यांची रांग,
आणि खाली गंगा.
"गंगा तर काशीला असती," सुवर्णमाला म्हणाली.
पुस्तकानं एका ओळीत उरकलेली नदी
मग तीन तास पुरली.

पुढं देश एकदम बारीक होतो.
आमच्या फरशीवर तर दोनच बोटं.
काडेपेटी आडवी झाली तर
एक कड नेपाळात, दुसरी बांगलादेशात.
"एवढ्या चिंचोळ्या बोळातून दहा चाकांची गाडी जाईल व्हय?"
मी नकाशाचं प्रमाण समजावलं,
एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर.
फळ्यावर गणित सुटलं.
कुणाचं समाधान झालं नाही.

गुरुवारी फोन लागेना.

शुक्रवारी रुबिना आली, बसली,
वहीत नुसत्या रेघा ओढत राहिली.
सुदामतीबाईनं सगळा देश झाडला,
ती दोन बोटं सोडून.
सोमवारी केंद्रप्रमुख आले. उपक्रम छान आहे म्हणाले,
फोटो पाठवा म्हणाले,
मग वाकून विचारलं, "ही गाडी इथं का थांबलीय?"
बत्तीस पोरं. एरवी नुसता गलका.
कुणी बोललं नाही.
मीही नाही.

मंगळवारी ती पळतच आली,
चप्पल न काढता तमिळनाडूवरून, आंध्रावरून.
"पाण्यानं रस्ताच गेला होता सर! टॉवर बी पडलेला!
चहाच्या मळ्याकडंला उभे होते. क्लीनरला ताप आला.
डाळ नाही भिजली."
सगळे ओरडले, ढकल, ढकल, आसाम!

तिनं काडेपेटी उचलून बाजूला ठेवली.
थुंकी लावून बोटानं दोन्हीकडच्या सीमा पुसल्या,
माझ्या हातातला खडू घेतला
आणि ती वाट रुंद केली,
थोडी नेपाळची जागा घेऊन, थोडी बांगलादेशाची,
चांगली वीतभर.
मग गाडी सोडली.

नकाशा आता चुकीचा आहे.
फोटोसाठी केंद्रप्रमुखांचे दोन फोन येऊन गेले.
रंग अजून वाळायचाय, असं सांगतो.