बेरजेची खूण

बाळ नऊ तासांचं. आईची फाइल कोरी.
नोमुंदारी म्हणते, "रक्त घेतलं होतं की,
हिवाळ्याआधी, आमच्या गावच्या दवाखान्यात.
नंतर कोणी काही बोललं नाही."

पहिली सुई इथे सगळ्याच बाळांना.
दुसरी महाग, फ्रिजमध्ये एकच,
तिला कारण लागतं.

खोव्दपासून ते गाव दोनशे किलोमीटर, सगळा बर्फ.
तिथली डॉक्टर जीपसकट कुठेतरी रुतलेली,
तिने एवढंच सांगितलं: किल्ली बॉयलरवाल्याकडे.

मग फोनवर दाम्बा, भट्टी सोडून आलेला.
पानं उलटल्याचा आवाज.
"नाव सापडलं. पुढे कावीळ-बी,
आणि बेरजेची खूण.
पण डॉक्टर, माझी बोटं कोळशाची,
मीच उठवली असेन आत्ता."

"फुंकर मार."
मारली.
"अंगठा ओला करून फिरव."
मी घड्याळाकडे बघत नाही.
"पसरली... निळी. शाई आहे, डॉक्टर."

दुसरी सुई मांडीत गेली तेव्हा
बाळ असं काही रडलं
की फोन अजून न ठेवलेला दाम्बा
तिकडून म्हणाला,
"हां. पोचलं."