गच्चीवरचा सराव

नदी उजव्या हाताला ठेवायची,
ओलांडायची नाही.
म्हणून भांडुपच्या गच्चीवर
पाण्याची टाकी उजवीकडे धरून
रोज पहाटे साठ फेऱ्या.

सॅकमध्ये पाच किलो तांदूळ.
डाव्या टाचेला फोड, त्यावर खोबरेल.
सुलभा म्हणते, गुडघ्यांना विचारलंस का?
त्यांचं मत मी मागितलेलं नाही.

वॉचमन रामसनेही मंडल्याचा.
पंप बघायला वर येतो, रेंगाळतो.
काल म्हणाला, आमच्या घाटावर
एक डुबकी माझ्या नावाची मारा, साहेब.
अकरा वर्षं झाली.
नाव लिहून घेतलं,
गोळ्यांच्या डबीत ठेवलं.

आज टाकी भरून वाहिली.
ओघळ फरशीवर आडवा,
नेमका माझ्या वाटेत.
नवे बूट घालून मी अलीकडे उभा,
रामसनेही येईपर्यंत.