सहा टेबलं

तीन महिन्यांतून एकदा, पगारानंतरच्या पहिल्या शनिवारी
आम्ही कोरेगाव पार्कात जेवायला जातो.
स्कूटर दोन गल्ल्या अलीकडेच लावतो.
दारातला मुलगा अदबीने किल्ली मागतो,
आणि आमच्या स्कूटरची किक नेमकी कुठल्या कोनात मारायची
हे हेरंबशिवाय कुणालाच माहीत नाही.

मेनूकार्ड मी उजवीकडून वाचते, आकड्यांकडून.
तो डावीकडून.
मध्ये कुठंतरी गाठ पडते
आणि आम्ही एकच काहीतरी मागवतो, चमचे दोन.

पूर्वी तो डोळे मिटून आधी वास घ्यायचा.
म्हणायचा, जायपत्री आहे,
आणि असायची.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचा वास गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल.
मग म्हणाले, येईलही.
मग फाइल मिटत म्हणाले, याहून वाईट काय काय असतं जगात.
असतं.
पण त्यांनी हेरंबच्या हातचं काही खाल्लं नव्हतं.

चिंचवडच्या कंपनीतल्या ड्रॉइंगच्या पाठीवर
त्याने सहा टेबलांचा नकाशा काढला होता,
भटारखान्याचा ओटा मिलिमीटरमध्ये.
तो गुंडाळून कपाटावर गेला.
वर लोकरीच्या कपड्यांची बॅग.

मीच म्हटलं एका शनिवारी, चल.
कशाला? माझ्या जिभेवर तुझे पैसे वाया.
मी सांगते ना, म्हटलं.
मी. रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवणारी.
स्वयंपाकातलं ओ की ठो न कळणारी.

पांढऱ्या प्लेटच्या माळरानावर
भाजलेल्या बिटाच्या चार फोडी,
बकरीच्या दुधाचं चीज, वर राखेसारखं काही.
छान आहे, मी म्हटलं.
त्याने चमचा खाली ठेवला.
छान ही चव नसते, शर्मिष्ठा.

मग मी पुन्हा खाल्लं. हळू.
बीट म्हणजे तळजाईच्या उतारावर घसरल्यावर
तळव्याला लागते ती माती.
चीज म्हणजे वाचनालयाचा जिना,
सुट्टीच्या दिवशी, कुणीच नसताना.
राख म्हणजे पाडव्याच्या पहाटेचा रस्ता, फटाके संपलेला.
आणि तो रस ना,
आधी गोडगोड, तुझ्या बेबीआत्यासारखा,
आणि निघताना दारात एक टोमणा. थेट नाकात.

तो हसला. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही.
मोहरी, म्हणाला.
वाटून रात्रभर ठेवलेली. फोडणीतली नाही.
वाढणारा मुलगा आत जाऊन विचारून आला.
होती.

त्या रात्री लोकरीची बॅग खाली आली.

आता कर्वेनगरात एक गाळा बघून ठेवलाय,
पूर्वी सायकल दुरुस्तीचा होता.
शटर गुडघ्यापर्यंत येऊन अडतं.
मालक म्हणाले, सांगून ठेवतो,
फरशीतलं ग्रीस मरेपर्यंत निघायचं नाही.
अनामत रक्कम ऐकून मी पाणी मागितलं.
हेरंब मात्र भिंतीला टेप लावत होता.
कसला वास येतोय?
ग्रीस. रबर. उंदीर असावा एखादा.
अजून?
अजून दुपारचं ऊन येतंय मागच्या खिडकीतून.
त्याला वास नसतो गं, तो म्हणाला,
आणि वहीत ऊन लिहून घेतलं.

सहा टेबलं परवडतील की चारच, ठरत नाही.
बँकेतल्या बाईंना तर एकही परवडेलसं वाटत नाही.
पण नकाशात भटारखान्याच्या दाराशी
पेन्सिलने एक नवं लहान वर्तुळ आलंय.
टेबलांना नंबर आहेत, त्याला नाही.
स्टूल आहे, म्हणाला. तुझं.

काल त्याने कुळथाचं कढण केलं.
मी चमचा तोंडात घातला, बोलले काहीच नाही.
तो माझ्या भुवईकडे बघत होता.
हात मिठाकडे गेला,
थांबला,
आणि त्याने कोकम उचललं.
बरोबर होतं.