दोन टक्के

नेमगोंडा मगदूम भेटायच्या आधीच
मी मनात वजाबाकी करून ठेवली होती.
अठ्ठावीस लाखांचे दोन टक्के, छप्पन्न हजार.
एवढ्यात ओटा होतो, वर खिडक्यांना जाळ्या.
आणि हा माणूस करणार काय,
तर कुलूप उघडणार.

जुनी एम-एटी, डिकीत मोजायची टेप,
किल्ल्यांचा हा एवढा जुडगा,
प्रत्येकीला दवाखान्यातली चिकटपट्टी
आणि तिच्यावर बॉलपेननं आडनाव.

पहिलंच घर मला आवडलं.
तळमजला, दारात चिंच,
पिस्ता रंग इतका ताजा की डोळे चुरचुरले.
मी मनातल्या मनात फ्रिज ठेवूनसुद्धा दिला.
मगदूम काही बोलला नाही.
भिंतीतल्या कपाटात त्यानं डोकं घातलं,
किल्लीनं खरवडलं
आणि मला हाक मारली.

माझ्या खांद्याच्या उंचीवर
एक तपकिरी रेघ,
पट्टीनं आखावी तशी.
"एकोणीस सालची," तो म्हणाला.
"भाईरचं पुसलंय ओ. कपाटातलं कोण पुसतंय?"

बावीस वर्षं मी मिरजेत एक्स-रे काढते.
हसत आत आलेल्या माणसाचं
काय मोडलंय ते मला फिल्मवर दिसतं.
त्या भिंतीसमोर मी नुसतीच उभी राहिले.

मग शेजारी घेऊन गेला.
म्हणाला, भाव विचारू नका, एवढंच विचारा:
आयर्विनला किती फूट झालं की सामान हलवता?
बाई मेथी निवडत होत्या.
पोराचं वय सांगावं तसं
मान वर न करता म्हणाल्या,
"बेचाळीस."

दुसऱ्या घरात दिवसा दिवा लागायचा.

तिसरं स्वस्त. फारच स्वस्त.
उताऱ्यावर नावं चार, वाटणीपत्रावर सह्या तीन.
चौथी बहीण जतला दिलेली.
"ती करंल की सही, कुठं जातीय," मालक म्हणाला.
"मग करूंदे," मगदूमनं कागद घडी घालून परत दिला,
"मग बोलू."
परतताना गाडीवर मागे बसून
मी पुन्हा हिशोब केला:
दोन घरांचे दोन-दोन टक्के
हा माणूस स्वतःच्या हातानं सोडून आला.

चौथं विश्रामबागेच्या मागं, तिसरा मजला.
मालक एकतीसवर बसलेला.
मी गप्प राहायचं, असं आधीच ठरलेलं,
आणि तेच मला सगळ्यात जड गेलं.
एकदा "उजेड किती छान" म्हणाले,
तर मगदूमला केवढा ठसका लागला.
तो दोनदा चहा प्याला,
मालकाच्या जावयाची चौकशी केली,
ऊसदरावर बोलला,
आणि मधेच इतका वेळ काही बोललाच नाही
की मालक स्वतःहून साडेअठ्ठावीसवर उतरला.

देवमाणूस वगैरे नाही.
रविवारी फोन उचलत नाही.
लिफ्ट आठवड्यातून तीनदा बंद पडते,
हे मला राहायला आल्यावर कळलं.
विचारलं तर म्हणाला, "तुमी इचारलं न्हाईसा."
दस्ताच्या दिवशी पाकीट दिलं,
तर बोटाला थुंकी लावून
माझ्यादेखत सगळं मोजलं.
मला राग आला नाही.

ऑगस्टात आयर्विनला एक्केचाळीस झालं.
ड्यूटीवरून येताना वाट वाकडी केली.
पिस्ता घराच्या दारात, चिंचेखाली,
दोरीवर लहान पोराचा गणवेश.
कुणीतरी घेतलं होतं तर.
थेट मालकाकडून असेल,
दोन टक्के वाचवून.

थोडा वेळ छत्री धरून उभी राहिले.
मग फाटक ढकललं.
दार एका तरण्या मुलीनं उघडलं, हातात लाटणं.
"मी कुणी नाही," म्हटलं,
"फक्त एकदा
त्या कपाटात डोकं घालून बघा."